लोकसंख्या : शून्य

संपादक महोदय,
आधीच सांगून टाकते, नंतर कुणी बोट दाखवायला नको :
मी या संग्रहालयाची पगारी नोकर.
तिकिटं फाडते, किल्ल्या सांभाळते,
आठवड्यातून दोनदा वाळू झाडते.
वाळू परत येते.
नाव नेलिदा चोके.
तुमच्या ज्ञानकोशाचा नियम असा की
आपल्या घराबद्दल आपण लिहू नये, सुचवावं फक्त.
तर सुचवते.

पहिली ओळ ठीक आहे.
सांता एदुविखेस, उत्तर चिली, अताकामाचं वाळवंट,
सोरा खणणाऱ्यांची वसाहत, आता संग्रहालय.
उंची मात्र तेराशे मीटर नाही, अकराशे.
इंजिनिअर मोजून गेले, त्यांचा कागद जोडला आहे.

पुढे लिहिलंय, 'मजुरी टोकनांच्या रूपात मिळे.'
मिळे!
जशी झाडावरून चिंच मिळते.
टोकन रबराचं होतं, काळपट, मधोमध भोक,
कंपनीच्याच दुकानात चालायचं,
शेजारच्या वसाहतीत त्याला बटणाइतकीही किंमत नव्हती.
आमच्या बरणीत दोनशे सात आहेत.
एकावर दातांचे व्रण आहेत, लहान दातांचे.
याला संदर्भ नाही.
बरणी आहे.

मग ते वाक्य :
'१९५८ साली वसाहत रिकामी करण्यात आली.'
मी चारदा वाचलं. कर्ता सापडला नाही.
कर्ता बंदरावरच्या कचेरीत बसला होता
आणि शनिवारी संध्याकाळी त्यानं पाणी बंद केलं.
रविवारी प्रार्थना झाली.
सोमवारी उरल्यासुरल्या पाण्यात पीठ मळलं गेलं,
(बघा, मलाही लागली तुमची सवय :
पीठ बायकांनी मळलं)
मंगळवारी गाडी आली, डबे उघडे, गुरांचे.
हे मला एलेउतेरियो ममानींनी सांगितलं.
त्या गाडीत ते नऊ वर्षांचे होते, मांडीवर शिलाई मशीन.
तुम्ही म्हणाल, छापील पुरावा द्या.
एलेउतेरियो छापलेले नव्हते.
गेल्या ऑगस्टमध्ये वारले.

'रात्री येथे गूढ आवाज येतात असे म्हणतात'
हे काढून टाका.
छपराचे पत्रे दिवसभर तापतात, रात्री आखडतात,
आणि आखडताना कुरकुरतात, माणसांसारखेच.
त्यात भूतबीत काही नाही,
असं मी पर्यटकांना सांगते
आणि दाराला कडी घालून झोपते.

कारण मी इथेच झोपते.
हे खरं तर सुरुवातीला लिहायला हवं होतं.
उजवीकडच्या चौकटीत तुम्ही
स्थापना, क्षेत्रफळ, आणि त्याखाली
'लोकसंख्या : शून्य' असं लिहिलंय.
आठवड्यातल्या चार रात्री मी औषधवाल्याच्या जुन्या घरात असते.
तुएर्का नावाची कुत्री आहे, एका कानानं बहिरी.
तेलाच्या डब्यात टोमॅटोचं रोप आहे,
भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढतंय, फळ एकच, हिरवं.
आणि एक नोव्हेंबरला या,
बसा भरभरून माणसं येतात कबरस्तानात,
कागदाची फुलं, पत्र्याचे हार, कोंबडीचा रस्सा,
म्हातारे ज्या घराचं छप्परही उरलं नाही
त्याच्या उंबऱ्यावर पाय पुसून आत जातात.
त्यांना कुठल्या चौकटीत घालाल?
मी आकडा मागत नाही.
फक्त शून्य जरा जपून लिहावं.
खूप जागा लागते त्याला.

आपली,
नेलिदा चोके

ता. क.
अकरा दिवसांनी उत्तर मिळालं.
बाकी सगळ्यापुढे 'संदर्भ हवा' असं लिहिलंत,
उंची तेवढी दुरुस्त केलीत.
आभारी आहे.
आम्ही दोनशे मीटर खाली आलो.
सकाळी तुएर्काला घेऊन टेकडी चढले,
श्वास जरा बरा लागला.