सत्तावीस फेब्रुवारी

कात्रणात ओळ एकच आहे:
'व्ही. ह्रुश्का, डावखुरा पिचर, करारावर सही. आकडा समजला नाही.'
खाली ओटच्या बियाण्याची जाहिरात,
शेजारी कुणाचं तरी हरवलेलं खेचर.

आकडा मला माहीत आहे.
महिना पंच्याहत्तर डॉलर.
जानेवारीत त्यांनी पासष्ट लिहून पाठवले होते;
वाशेकनं त्या कागदाच्या पाठीवर
आईच्या कोंबड्यांच्या अंड्यांचा हिशेब मांडला
आणि सही न करता तसाच परत धाडला.
बाबा म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
वाशेक म्हणाला, पळत्याला बाद करणं हाच तर आमचा धंदा.
बाबा हसले नाहीत.
त्या वर्षी आयोवात कुणीच फारसं हसत नव्हतं.

फेब्रुवारीत बेसबॉल कागदावरच खेळतात.
गुरुवारी पेपर यायचा:
कुणी सही केली, कुणी अडून बसलाय,
कुणाला निरोपाचं पत्र गेलं,
कोण शिकारीला गेला आणि पाय मोडून आला.
वाशेक मोठ्यानं वाचायचा,
आई कणीक तिंबायची, मध्येच विचारायची,
'आणि ह्यातला गव्हाचा भाव कुठला?'

आमचा गोठा बावन्न फूट लांब.
चेंडू टाकायला हवेत साठ फूट सहा इंच.
म्हणून तो दार सताड उघडून
बाहेर, बर्फात उभा राहायचा,
आणि मी आत, टोकाला,
स्ट्राका गाईच्या बाजूला, उपड्या बादलीवर.
वय चौदा.
हातात काकाचा जुना ग्लव्ह, फाटलेल्या जागी हंसाची पिसं कोंबलेली.

गारठलेला चेंडू म्हणजे दगड.
मी तो आधी ओव्हनमध्ये ठेवायची, पावाच्या शेजारी,
मग ॲप्रनमध्ये गुंडाळून पळत न्यायची.
अजूनही गरम चामड्याचा वास आला
की मला भूक लागते.

पण खरी गोष्ट ही, जी कुठल्या पेपरात नाही:
बाहेर सगळं पांढरं, चेंडूही पांढरा.
वाशेकचा हात वर जाताना दिसायचा,
खाली येताना दिसायचा,
मधलं काहीच नाही.
उंबरा ओलांडून अंधारात शिरला
की मगच चेंडू जन्माला यायचा,
आणि तोवर तो जवळजवळ माझ्या तोंडावर असायचा.

एक बोट दाखवलं तर सरळ, वेगाचा.
दोन दाखवली तर वळणारा.
चोवीस तारखेला मी एक दाखवलं,
त्याला बहुतेक दोन दिसली.
स्ट्राकानं मान वळवून पाहिलं, एवढा आवाज झाला.

आईनं लाकडी पळीचा दांडा तोडून
बोटाला बांधला.
वाशेक रात्रभर चुलीपाशी बसून होता.
ऐंशीशिवाय सही नाही, असं ठरलं होतं त्याचं,
ऐंशी मिळालेही असते, क्लब मऊ पडत चालला होता,
आणखी दोन आठवडे, फार तर तीन.
पण आता झेलणारं कोण?
दक्षिणेतल्या शिबिरात निदान एक धड कॅचर असेल.
सकाळी दूधवाल्याच्या स्लेजवरून तो तारघरात गेला
आणि पंच्याहत्तरला होकार देऊन आला.
पत्र आलं, सही झाली, ती सत्तावीसला.

म्हणजे महिन्याला पाच डॉलर.
माझ्या बोटाची किंमत कुणी विचारली
तर मला नेमकी सांगता येते.

पुढचं तक्त्यात आहे:
अकरा सामने, तीन जिंकले, पाच हरले,
ऑगस्टनंतर रकाने रिकामे. खांदा.
मग चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या गाड्यांची ब्रेक दुरुस्त केली,
उजव्या हातानं.

तक्त्यात फेब्रुवारीचा रकाना नसतो.

आता छपरावरचं बर्फ सुटून धप्पकन खाली पडलं
की बोट दुखतं, पेराशी वाकडं झालंय.
परवा नातू म्हणाला, आजी, एक दाखव.
दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला,
म्हणाला, हे सरळ की वळणारा?
मी म्हटलं, टाक तू. बघू.