बास, दोन

टेपा आधी भट्टीत शेकाव्या लागतात, टॅम्सिन म्हणाली,
पन्नास अंशांवर आठ तास,
नाहीतर हेडला चिकटून त्यांची सालं निघतात.
मी म्हटलं, आमचंही तसंच आहे.
ती हसली नाही. सव्वीस वर्षांची आहे, कामात होती.

कंपनीला संकलन काढायचंय: दोन तबकड्या, एकवीस गाणी,
त्यातली पाच रिमिक्स,
वेष्टनावर ग्रिम्सबीच्या गोदीचा जुना फोटो
आणि आम्ही चौघे, केसांसकट.
लेनला जाऊन नऊ वर्षं झाली.
डेसचे गुडघे गेले. मॉरिस स्पेनमध्ये असतो,
फोनवर म्हणाला, माझा आवाज तेवढा वर घ्या.
तेव्हाही हेच म्हणायचा.
म्हणून मी एकटाच आलो, क्लीथॉर्प्सहून बसने,
खिशात चष्मा आणि दुपारची गोळी.

तिने 'गोदी क्रमांक तीन' लावलं.
पडद्यावर चोवीस पट्ट्या, भाजीच्या वाफ्यांसारख्या.
एकेक बंद करत गेली:
मॉरिस गेला. ऑर्गन गेला.
डेसचा ढोल गेला तशी खोली एकदम मोठी झाली.
लेनची गिटार उरली, तिच्यामागे
खुर्ची करकरली, कुणीतरी खोकलं.
अठ्ठ्याहत्तर सालचा खोकला.
मग तीही गेली आणि राहिला बास.
माझा बास.

लोक माझं नाव घेतात ते याच्यावरून.
लीड्सच्या एका पोराने तो दंडावर गोंदवून घेतलाय.
माझ्या मुलीच्या लग्नात वाजवला,
लेनच्या शवपेटीपाशीही वाजवला,
त्याच्या बायकोनेच सांगितलं होतं.
चार सूर खाली, एक अडखळून वर,
जिना उतरताना काहीतरी विसरल्याचं आठवावं तसा.

"दोन आहेत," टॅम्सिन म्हणाली.
काय दोन?
"बास. हा दुसरा. पहिला बंद करून ठेवलाय.
खोक्यावर लिहिलंय बघा."
पेन्सिलीने, लेनच्या तिरक्या अक्षरात:
बास १, नको.
बास २, लेन, रात्री २.१०.

रात्री दोन दहाला मी घरी झोपलो होतो.
शेवटची बस अकराची असायची,
पहाटे बर्फाच्या कारखान्यात पाळी.
रेकॉर्ड आली तेव्हा ऐकून वाटलं होतं,
अरे, बरं वाजवलं की आपण.
पुढे दौऱ्याआधी नीट आठवेना
तेव्हा तीच रेकॉर्ड लावून
बोटांत बसवून घेतलं.
स्वतःचंच समजून. एक्केचाळीस वर्षं.

आणि तो बोलला नाही.
किती भांडलो आम्ही, पैशांवरून, व्हॅनवरून,
न्यूकॅसलला त्याने माझ्या अंगावर अ‍ॅशट्रे फेकला,
तेव्हासुद्धा नाही.
तोंडाशी आलं असेल ना एकदा तरी?
गिळलं असेल.
मी त्याला आयुष्यभर कोत्या मनाचा म्हणत आलो.

"पहिला ऐकायचाय?"

लावला. चोवीस वर्षांचा मी,
पाळी करून आलेला, तालाच्या अर्धं पाऊल मागे,
बोटं गारठलेली स्पष्ट ऐकू येत होती.
वाईट नव्हता.
नको होता, एवढंच.

रिमिक्समध्ये कोणता ठेवू, तिने विचारलं.
मी बाहेर जाऊन यंत्रातून कॉफी घेतली,
तशीच कट्ट्यावर ठेवून परत आलो.
दुसराच ठेव, म्हटलं.
खोकलाही राहू दे, तो कुणाचाही असो.
"आणि नाव? आत छापायचं असतं,
कुणी काय वाजवलं."
विचारून सांगतो, म्हटलं.
कुणाला विचारून, ते तिने विचारलं नाही.

परतताना बसच्या वरच्या मजल्यावर
कुणी नव्हतं. समुद्र दूर आत गेलेला,
नुसता चिखल, आणि त्यात एक कुत्रा
कशामागे तरी धावत होता.
मांडीवर पहिला वाजवून पाहिला, १ नंबरचा.
तिसऱ्या सुरापर्यंत मी होतो.