वेढे

खोक्यावर छापलं होतं : दोन तासांत तयार.
मला सव्वातीन महिने लागले.

आत बिनरंगाचं एक धड,
मान वेगळी, चार खुंट्या, तारांचं भेंडोळं
आणि एक कागद. त्यावर नुसते बाण.
पारधेकाकूंनी दारातूनच विचारलं,
"सुवार्ता, ओबेदला बॅट आणली का गं?"
मी हो म्हणाले. तेच सोपं होतं.

मानेची भोकं दोन मिलिमीटर सरकलेली.
आगपेटीच्या काड्या ठोकल्या, फेव्हिकॉल, रात्रभर दाब,
पहाटे पुन्हा ड्रिल.
अंबडची बस सहा चाळीसला.
नखांत भुगा घेऊन चढले.
लाइनवर निकुंभ मॅडम म्हणाल्या, मेंदी उतरतेय तुझी.

थंडी अशी पडली की
लॅकर चार दिवस चिकटच.
गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर
ओल्या परकराशेजारी माझं धड टांगलेलं.
एक चिलट येऊन बसलं, तिथेच राहिलं.
अजून आहे, खालच्या शिंगापाशी,
तिळाएवढं.

पहिला आवाज : रिकाम्या पिंपात कुणी खोकावं तसा.
आणि त्याच्याखाली घूं, सतत.
तारांवर हात ठेवला की गप्प,
काढला की परत सुरू,
झोळीतल्या पोरासारखं.

शनिवारी तांबट आळीत गेले.
पत्रा मागितला, वहीच्या कागदाएवढा पातळ.
"घंगाळ्याला ठिगळ लावायचंय?"
"नाही, वाद्याला. आतून."
म्हाताऱ्याने हातोडी थांबवली,
तांब्याच्या कात्रणांत चाचपून एक पट्टी काढली,
दहा रुपये कमी घेतले, कारण सांगितलं नाही.
शाळेच्या पुस्तकाला कव्हर घालावं
तसं पोकळीला तांबं घातलं, कोपरे दुमडून.
घूं गेली.
आता हात काढला तरी गप्प.
बरंच झालं.
तरी दोन-तीनदा उगीच काढून पाहिला.

राहिला पिकअप. तिथे मला कोण शिकवणार?
सोळा वर्षं कॉइल भरतेय मी.
मोटारीच्या, पंपाच्या, लिफ्टच्या ब्रेकच्या.
प्रत्येक कॉइलचा आकडा रजिस्टरात,
एक वेढा कमी पडला तर माल परत,
आणि परत आलेल्या मालावर माझी सही.

किटमधली तार सोडवून टाकली.
नवी आणली सातपूरहून, केसाहून बारीक,
डोळ्यांना नाही, फक्त बोटांना दिसते.
आईच्या शिवणयंत्राच्या बॉबिनला पिकअप बसवला.
चाकाचा एक फेरा म्हणजे बॉबिनचे सहा.
शंभर फेऱ्यांना वाटीत एक शेंगदाणा,
म्हणजे हिशेब चुकायला नको.
जीभ दातांत धरून,
पंखा बंद, फोन बंद,
तार तुटली तर सगळं पहिल्यापासून.

बाराव्या की चौदाव्या शंभरानंतर
वाटीत पाहिलं
तर वाटी रिकामी
आणि दारात ओबेद, माझ्या भावाचा, गाल हलवत.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर तार तुटली असती.
अजून थोडे फेरे दिले,
अंगठ्याला पुरे वाटलं तिथे थांबले.
मेण ओतलं, चार तारा ओढल्या,
आणि सगळ्यात जाड तार छेडली.
भिंतीवरचं कॅलेंडर हललं.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ट्रक आला का खाली?"

नोएल आढाव दोहाला गेल्यापासून
शरणपूरच्या आमच्या कॉयरला खालचा आवाज नव्हता.
त्याच्या अँपवर कुणीतरी टेबलक्लॉथ घातला होता, वर फुलदाणी.
रविवारी मी फुलदाणी खाली ठेवली.
मला चारच गाणी येतात, तीही दोन बोटांनी.
कुणी काही म्हणालं नाही.
फक्त मागच्या बाकावरचे टाळ्या वाजवणारे
पहिल्यांदा एकत्र टाळी वाजवत होते.

रात्री नोएलचा व्हिडिओ कॉल.
"वाजव. परत वाजव. अगं, किती वेढे दिलेस?"
मी ओबेदकडे पाहिलं.
"किती होते रे, शेंगदाणे?"
त्याने बराच विचार केला.
"एक खवट होता," म्हणाला.