दोन घरं फिकट

अशोक चौकाच्या मागच्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान.
आधी इथं वडिलांचे दोन माग होते.
फरशीत अजून मागाच्या पायांची भोकं आहेत,
एकात मी छत्री उभी करतो.

कॉलेजची पोरं मला मामा म्हणतात.
झुवेना पहिल्यांदा मामा म्हणाली आणि हसतच सुटली.
तिच्या भाषेत मामा म्हणजे आई.
काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण.
मग रिक्षावाल्याला काय म्हणतीस गं?
"दादाच म्हणते. चौकापर्यंत मनात हसत जाते."

फार्मसीचं दुसरं वर्ष. गाव टांगा, समुद्राकाठी.
मी आधी घोड्याचा समजलो होतो.

मराठी शिकली घरमालकिणीकडून.
आता नरसम्मा तेलुगूत सुरू करते,
भाजीवाली दिसली की कन्नडात शिरते,
भाड्याचं मराठीत बोलते, रागावली की हिंदी.
पोरीनं सगळं एकाच वहीत उतरवलंय,
वर लिहिलंय: मराठी.
परवा ती वही झेरॉक्सला आणली होती.
चूक दाखवावी म्हणून पेन उचललं,
पुन्हा खिशाला लावलं.
आमच्या गल्लीत मराठी हीच की.

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री दीडला.
ती बादल्या लावते, तेवढ्यात आईचा फोन. तिकडं अकरा.
नळाचा आवाज ऐकून आई विचारते, पाऊस का?
"हो म्हणते, मामा. उगाच कुठं समजावत बसू."
एप्रिलात, चव्वेचाळीस डिग्रीत,
टांग्याची एक बाई देवाचे आभार मानत असते
सोलापुरातल्या पावसाबद्दल.

ज्वारीच्या पिठाचं उगाली केलं तिनं एकदा,
घट्ट, गोळा, हातानं मोडून खायचं.
नरसम्मानं बोट लावून बघितलं:
हे तर आमचं संकटी की!
वर शेंगाचटणी टाकली दोघींनी.
मला डबा आला. खरं सांगायचं तर
मीठ नव्हतं त्यात.

घरचे पैसे बँकेत अडकले की काउंटरवर वही सरकवते,
"मामा, हेसाबु."
तिकडंही तोच शब्द.
उधारी लिहिताना माझा हात आवळत नाही,
तिचाच मान खाली जातो.

आता ते सांगतो.
राहण्याचा परवाना वाढवायचा होता,
पासपोर्टच्या तीन प्रती, बोनाफाइडच्या दोन, भाडेकरार.
दुसऱ्या दिवशी परत आली.
साहेबांनी कागद ढकलला होता, चेहरा दिसत नाही म्हणून.
बघितलं तर खरंच, चौकोनात नुसता काळा डाग,
आणि डागाखाली तिचं नाव स्वच्छ.
पंधरा वर्षं हे मशीन चालवतोय,
हजारो तोंडं काढली यातनं, कधी कळलं नाही
की कोणाच्या मापानं लावून ठेवलंय ते.

बटण दोन घरं फिकट केलं.
डोळे आले, कपाळ आलं, डाव्या भुवईवरची खूण आली.
सही मात्र उडाली.
साहेब म्हणाले, सही कुठाय?
तेव्हापासून प्रत्येक कागद दोनदा काढतो,
एक तोंडासाठी, एक सहीसाठी,
आणि पैसे एकाचेच लावतो.
तिला वाटतं मशीन बिघडलंय.
"नवीन घ्या की ओ मामा," म्हणते,
आमच्यासारखंच 'की ओ' लावून.

आज सकाळी बिराजदार सरांचे पेन्शनचे कागद
एकदम फिके आले. सर चिडले.
शाई संपली का म्हणाले, मी हो म्हणालो.
मग आठवलं, काल शेवटची तीच आली होती,
बटण तिथंच राहिलंय.

सरांचं काम करून दिलं.
ते गेल्यावर बटण परत दोन घरं डावीकडं सरकवलं.
दुपारी ती येणारेय, परीक्षेचा फॉर्म घेऊन.