व्हायवा, रोल नंबर एकेचाळीस

दुपारचे अडीच. लॅबमधला पंखा
तीनवर ठेवला तरी एकवरच फिरतो.
मी एक्स्टर्नल, बार्शीहून सकाळच्या एसटीनं आलेला,
चाळीस तोंडांतून तीच पाठ केलेली व्याख्या ऐकून
कान बधिर झालेले.

श्रीलता गुर्रम.
बोटांच्या पेरांत सुताचा निळा रंग.
विचारलं, 'सोलापूरचा ग्राफ धर.
चौक म्हणजे नोड, रस्ता म्हणजे कडा.
कुठला नोड पुसला तर तुकडे पडतील?'

सापळाच होता तो. चाळीसच्या चाळीस
सात रस्त्यावर जाऊन पडले होते:
डिग्री सात, सर, सगळ्यात मोठी.

'सात रस्ता बंद पडतोच की, सर,
गड्ड्याच्या यात्रेत, मिरवणुकीत.
लोक बोळातून वळतात. शिव्या देतात, पण पोचतात.'
मग खडू घेऊन
चौकांऐवजी दारं काढायला लागली.

इकडं त्यांची गल्ली, तेलुगू, नऊ दारं,
सगळ्यांच्या सगळ्यांशी कडा: हळदीकुंकू, भांडण, उसनी साखर.
नाल्यापलीकडं कन्नड बोलणारी अकरा.
मधे एक टिंब.
'ही यल्लूबाई. कांड्या भरायची.
इकडं एक मैत्रीण, तिकडं एक जाऊ.
डिग्री फक्त दोन.
मार्गशीर्षात गेली.
तिकडची पोरं आता आमच्या नळावर येत नाहीत.
भांडण नाही झालं, सर. काहीच नाही झालं.
नुसतं कुणाला कुणाचं नाव आठवेना.'

तळहातानं तिनं टिंब पुसलं.

मी आवाज परीक्षकाचा ठेवला.
'मग ती मैत्रीण? तीही छेदबिंदूच ना?'
'होती. माझी आई ती.
आता तिच्यापलीकडं कुणीच नाही, सर.
आता ती नुसती एक नोड.'

'शोधायचं कसं?'
'कुठल्याही दारातून निघायचं, जाता येईल तितकं आत.
परतताना विचारत यायचं:
तुझ्या आधीचा नसता, तर मागं जायला
तुला दुसरी वाट होती का?
जो नाही म्हणेल, त्याच्या आधीचा तो.'

उत्तरसूचीत लिहिलं होतं:
व्याख्या दोन गुण, उदाहरण एक.
मी तीनच्या रकान्यात तीन लिहिले
आणि पेन तिथंच ठेवून बसलो.

दारापाशी ती वळली.
'सर, ज्या दारातून निघालो
त्याचा नियम वेगळा असतो.
ते तुम्ही विचारलंच नाही.'

नियम मला माहीत होता.
तरी बेचाळीसला आत बोलवायला
मी बराच वेळ लावला.