पांढऱ्यातल्या शिरा

गुरुवारचा शेवटचा खेळ. तिकिटं अकरा.
बाहेर लाउशाच्या उतारावर बर्फ दगडासारखा,
आत एकच हीटर, तोही पहिल्या रांगेकडे तोंड करून.
मी तिकिटं फाडतो, मग दाराशी उभा राहतो
आणि पडद्यापेक्षा जास्त डोकी बघतो.
चाळीस वर्षांची खोड.

सिनेमा माणसांसारख्या माणसांचा,
कारखान्यात घडवलेल्या, पाच वर्षांच्या मुदतीच्या.
त्यातला एक बेकरीत जातो, नाणी मोजतो
आणि मुद्दाम एक कमी देतो.
बाई म्हणते, "अहो, अजून एक."
तो कपाळावर हात मारून घेतो.
आदल्याच रात्री आरशासमोर
हाच हात सतरा वेळा कपाळावर गेलेला असतो.

इथं दुसऱ्या रांगेतला लेविन हसला,
आणि शेजारच्या मुलीनं त्याचा हात सोडला.

पुढं तो म्हणतो, "येत्या मार्चात माझी पाच वर्षं भरतात."
तेव्हा नाकं ओढल्याचे आवाज आले.
बस चालवणारा डेटलेफ, जो इथं झोपायलाच येतो,
तोही जागा होता.
आणि नेमक्या त्या वेळी लोआन बाई हसल्या.
मोठ्यानं नाही.
भातात खडा लागल्यावर माणूस थांबतो ना, तेवढंच.

दिवे लागले. कोट घालता घालता सगळे बोलू लागले,
जसं अंत्यविधीनंतर कॉफीला बोलतात.
डेटलेफ म्हणाला, यंत्राला वेदना होत नाही, दाखवतात तशी.
लेविन म्हणाला, बेकरीतलं घड्याळ दोन दृश्यांत एकच वेळ दाखवतं.
ती मुलगी काहीच बोलली नाही,
मफलर गुंडाळत राहिली, गुंडाळत राहिली.

ऑर्ट्रून ग्राइनरचा राग डोळ्यांवर.
"पांढरं इतकं पांढरं कुणाचं नसतं.
शिरा कुठायत?
मी लाल काचेचा धागा ओढते, केसाहून बारीक,
आधी विचारते, झोप लागते का तुम्हाला? धुरात काम करता?
एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, जरा थकलेला करा,
दुसरा थकलेलाच आहे.
एवढे पैसे ओतले आणि एकही थकलेला डोळा नाही!"

मग कुणीतरी लोआन बाईंना विचारलं, तुम्ही का हसलात?

त्या बूट बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या,
"माझ्याही कागदावर पाचच वर्षं होती.
सत्त्याऐंशी साली. सूतगिरणी. एका खोलीत चार पलंग,
रात्री दहानंतर पाहुणा नाही.
पोट दिसायला लागलं की विमानाचं तिकीट.
कपाळावर हात मारायला मीही शिकले होते,
दुकानात शब्द चुकला की.
लोक हसतात, आणि सोडून देतात."

हीटरचा तेवढा आवाज.
"मग?" लेविननं विचारलं.
"मग भिंत पडली. मोजणारेच गेले.
मी राहिले." दुसरा बूट.
"तुझी पँट आखूड केली होती की मी,
दहावीच्या समारंभाला. विसरलास?"

तो लाल झाला. कानापर्यंत.
ऑर्ट्रूननं त्याच्याकडे असं पाहिलं
जशी ती भट्टीतल्या रंगाकडे पाहते.

सगळे गेल्यावर मी झाडलं.
पॉपकॉर्न, एक हातमोजा, आणि हीटरखाली
एक नाणं. कुणाचं पडलं,
की कुणी ठेवलं, कळायला मार्ग नाही.

माझा डावा डोळा ऑर्ट्रूनचा आहे.
नववा. आधीचे आठ डबीत, कापसात.
त्याला दिसत नाही, पण पाणी
दोन्हीकडून येतं, बरोबरीनं.
हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
नाहीतर मी घाबरलो असतो.

दाराशी टोपी घालता घालता तिनं पाहिलं होतं.
म्हणाली, "फोल्कहार्ट, पुढच्या महिन्यात ये.
पॉलिश उडालंय."