उजेड शिरला

माझ्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत.
औषधांच्या चिठ्ठ्या, विजेचं बिल,
उतू गेलेलं दूध (का काढला असेल?),
दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुणाचं तरी कुत्रं,
आणि माझाच अंगठा, पुष्कळदा.
रात्री कुतैसीच्या या खोलीत
मी ते बोटाने सरकवत बसते.
एकही थांबत नाही.

बादरीकडे एक कॅमेरा होता.
वडिलांचा, स्मेना, कातडी पिशवीतला,
पट्ट्याला त्यांच्या घामाचा वास.
चियातुराच्या त्या उन्हाळ्यात
वीज दिवसातून दोन तास यायची, तीही लहर लागली तर,
पावाची रांग पहाटे चारला लागायची,
आणि हा बारा वर्षांचा पोरगा
गावभर सांगत फिरायचा: हलू नका.

लोक हलायचे नाहीत.
खाणीतून वर आलेले, मँगनीजने काळेठिक्कर,
फक्त डोळे आणि दात पांढरे,
तेसुद्धा हातातला डबा खाली ठेवून
शर्टाचं वरचं बटण लावायचे.
मी त्याची मदतनीस.
चहाच्या पुड्यातली चांदी पुठ्ठ्यावर चिकटवून
लोकांच्या तोंडावर ऊन पाडायचं, हे माझं खातं.

एकदा रोपवेचा पाळणा मध्येच अडकला. वीज गेली.
खाली नदी, वर तार, आत आम्ही पाच जण
आणि एक कोंबडी, मुकाट.
बादरीने सगळ्यांचा फोटो काढला.
मग इतरांकडे पाठ करून
पाठीमागचं झाकण उघडून मला दाखवलं.
आत काही नव्हतं.
स्वच्छ, काळं, एका कोपऱ्यात खाणीचा कण.
"फिल्म मिळतच नाही कुठे," पुटपुटला.
मी पुठ्ठा पुन्हा वर धरला.
दुसरं काय करणार होते?
कोंबडीचा एकटीचा अजून बाकी होता.

फोटो कधी येणार, लोक विचारायचे.
तिबिलिसीला पाठवलेत, आम्ही सांगायचो.
तिबिलिसी फार लांब होतं तेव्हा.

मग ऑक्टोबरात त्सियाला आली, बेकरीतली.
तिचा नोदार सोखुमीकडे लढायला गेला होता.
निघताना बसच्या पायरीशी
केसांवरून ओला हात फिरवून म्हणाला होता,
काढ रे, नीट काढ.
परत आला नाही.
"तेवढा एक द्या," त्सियाला म्हणाली. "पैसे देते."
बादरी पिंपामागे लपला.
मी म्हणाले, फिल्ममध्ये उजेड शिरला, मावशी.
सगळं पांढरं झालं.
ती बराच वेळ उभी राहिली.
पिठाचे हात एप्रनला पुसले, ते आधीच पुसलेले होते.
म्हणाली, बरं.
मग सांग, कसा उभा होता?

सांगितलं.
डावा पाय पायरीवर, उजवा जमिनीवर.
कॉलरची एक बाजू आत दुमडलेली.
पुढच्या शनिवारी ती परत आली,
कागदात गुंडाळलेला गरम पाव, दोघांत एक.
पुन्हा सांग. कोणता पाय?
हिवाळाभर आम्ही तिला तो फोटो दाखवत राहिलो
आणि पदरचं काही घातलं नाही.
नाही, एकदा घातलं. तो हसत होता, असं.
तो हसत नव्हता.
डोळ्यांवर ऊन येत होतं त्याच्या,
माझ्या पुठ्ठ्यातलं.

काल बादरीचा फोन आला, थेस्सलोनिकीहून.
तिथे तो भिंती रंगवतो. गुडघा दुखतो म्हणाला,
मुलगी ग्रीकमध्येच भांडते म्हणाला.
मग मध्येच: "तो रोपवेतला फोटो आठवतो?
तू लाल स्वेटर घातला होतास."
निळा, मी म्हणाले.
लाल.
उन्हाळ्यात कोण स्वेटर घालतं रे?
वर वारा होता, कुडकुडत होतीस तू.
आम्ही चांगली वीस मिनिटं भांडलो.
पुरावा कुणाकडेच नव्हता.
"आणि कोंबडी?" त्याने विचारलं.
कोंबडीबद्दल मात्र आमचं एकमत आहे:
ती हलली नाही.